अक्षता, धूळ आणि घरचा कॅमेरा

वडूजच्या मंगल कार्यालयात मंगलाष्टकं चालू आहेत. अंतरपाट धरलाय, मोबाइल किंवा छोटा हँडीकॅम स्टँडवर लावलाय, चित्र अगदी नितळ येतंय. 'सावधान' होतं, चारी बाजूंनी रंगीत अक्षता पडतात, आणि घरी व्हिडिओ लावल्यावर दिसतं की नेमकं त्याच वेळी चित्र फुटलंय. नवरा-नवरीचे चेहरे पुसट झालेत, चौकोनी ठिगळं उमटलीत. अक्षता थांबल्या की चित्र पुन्हा स्वच्छ. कॅमेरा हललेला नसतो, लेन्सही पुसलेली असते. मग बिघडतं कुठे?

लेन्समधून आलेला प्रकाश सेन्सरवर पडतो. सीसीडी या सेन्सरची कल्पना विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये १९६९ साली मांडली. त्यासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. सेन्सरवरचा ठिपका आपल्यावर किती उजेड पडला एवढंच मोजतो, रंग त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा सूक्ष्म फिल्टर बसवलेला असतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी आखलेल्या मांडणीत निम्मे फिल्टर हिरवे, कारण माणसाच्या डोळ्याला बारकावे हिरव्या प्रकाशात अधिक उमगतात. लालच्या वाट्याला येतात फक्त पाव ठिपके. नवरीच्या शालूचा लाल रंग उरलेल्या तीन चतुर्थांश जागी कॅमेरा शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो, आणि हा अंदाज थक्क करण्याइतका बरोबर येतो.

आजच्या मोबाइलमध्ये सीसीडीऐवजी सीमॉस सेन्सर असतो. तो चित्र एकदम न वाचता ओळीमागून ओळ, वरून खाली वाचतो. त्याचा परिणाम शर्यतीत दिसतो. वडूजच्याच खटाव तालुक्यातल्या पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलगाडा शर्यती भरतात. सुटलेल्या बैलांबरोबर मोबाइल झपकन फिरवला की मागचे खांब तिरके झालेले दिसतात. खालची ओळ वाचून होईपर्यंत कॅमेरा पुढे सरकलेला असतो, एवढंच. बैल जवळून जात असतील तर मोबाइल स्थिर धरून गाडा चौकटीतून जाऊ द्यावा, हे बरं.

आता अक्षतांकडे, पण आधी जुन्या फिल्मकडे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत उगवणाऱ्या वाटाण्याच्या रोपाचं चित्रण केलं, थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेऊन. त्या फिल्मवरची प्रत्येक फ्रेम हा स्वतंत्र, पूर्ण फोटो होता. डिजिटल कॅमेऱ्याला ही चैन परवडत नाही. फुल एचडी चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके असतात, प्रत्येकाच्या तीन रंगांसाठी तीन बाइट, आणि सेकंदाला २५ फ्रेम. हिशेब होतो सेकंदाला सुमारे १५५ एमबी, म्हणजे मिनिटाला नऊ जीबीपेक्षा जास्त! घरगुती कॅमकॉर्डरच्या एव्हीसीएचडी पद्धतीत मात्र सेकंदाला जेमतेम तीन एमबीत भागवायचं असतं.

किराणा दुकानदार रोज सगळं दुकान मोजत नाही, काय आलं आणि काय गेलं तेवढंच लिहितो. कॅमेराही तेच करतो. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम ठेवायची आणि पुढच्या फ्रेममध्ये बदललं तेवढंच नोंदवायचं. मांडवाचा पडदा बदलत नाही, त्याला जवळजवळ काहीच जागा लागत नाही. पण अक्षता पडू लागल्या की तांदळाचा दाणा न् दाणा दर फ्रेमला नव्या जागी असतो. शर्यतीतली धूळ, यात्रेतला गुलाल यांचंही तेच. नोंदी अफाट वाढतात, जागा तेवढीच, मग बारकावे टाकून द्यावे लागतात. त्यामुळे मोबाइलमध्ये किंवा कॅमेऱ्यात दर्जाची सर्वांत वरची निवड करावी, कार्ड लवकर भरलं तरी. कार्ड पुन्हा मिळतं, लग्न पुन्हा लागत नाही.

उजेडाचंही पाहावं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि काही एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. सेकंदाला ३० फ्रेमच्या चित्रणात कधी कधी काळे पट्टे सरकतात. २५ फ्रेम आणि पन्नासांश सेकंदाचा शटर ठेवला की बहुधा ते जातात.

आता कपाटातल्या छोट्या कॅसेटींविषयी, कारण त्यांची घाई आहे. १९९५ मध्ये आलेल्या मिनीडीव्ही पद्धतीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबून साठवली जाई. चित्र लहान, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. पण अक्षतांच्या माऱ्यात ते आजच्या व्हॉट्सॲपवर फिरलेल्या व्हिडिओपेक्षा कितीतरी टिकून राहतं. लग्नघरी दिलेल्या व्हीसीडीवर याच चित्रणाची ३५२ बाय २८८ ठिपक्यांची उतरलेली प्रत असे. व्हीसीडी आहे म्हणून कॅसेट टाकून देणारी घरं मूळ चित्रणच फेकत असतात.

फीत सहा मिलिमीटरच्या आसपास रुंद, चुंबकीय. दमट हवेत तिला बुरशी लागते. त्याहून मोठी अडचण यंत्राची. ती वाजवणारा कॅमकॉर्डर चालू स्थितीत हवा, आणि संगणकाला फायरवायर या जुन्या जोडणीची खोबण हवी, जी नव्या लॅपटॉपवर नसते. फायरवायरने उतरवलं तर फितीवरचे आकडे जसेच्या तसे येतात, दर्जा घटत नाही. तासाच्या कॅसेटला तासच लागतो आणि सुमारे १३ जीबीची फाइल होते. ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर अशा चार कॅसेट मावतात. दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरी ठेवावी. ज्यांच्याकडे जुना कॅमेरा नाही त्यांनी गावातल्या किंवा साताऱ्यातल्या जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडे विचारून पाहावं, आणि काम देताना डीव्हीडी न मागता मूळ डीव्ही फाइलच मागावी.