सांस्कृतिक बुद्धिमत्ता

सांस्कृतिक बुद्धिमत्ता म्हणजे भिन्न संस्कृतीत वाढलेल्या व्यक्तींच्या वर्तनाचा योग्य अर्थ लावण्याची आणि त्यानुसार स्वतःच्या वागण्यात बदल करण्याची क्षमता होय. व्यवस्थापनशास्त्रात ही संज्ञा प्रामुख्याने बहुसांस्कृतिक गटांच्या नेतृत्वासंदर्भात वापरली जाते. बुद्ध्यंकाच्या धर्तीवर तिला ‘सीक्यू’ असेही म्हणतात. परदेशी शिष्टाचारांची माहिती असणे म्हणजे सांस्कृतिक बुद्धिमत्ता नव्हे. अशी माहिती पुस्तकातूनही मिळते.

उगम

ही संकल्पना ख्रिस्तोफर अर्ली व सून अँग यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडली. तिची पार्श्वभूमी त्याआधीच्या संशोधनात आहे. डच अभ्यासक गीर्ट हॉफ्स्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावलींचा अभ्यास केला. त्यातून पुढे आलेल्या निकषांपैकी ‘सत्ता-अंतर’ हा नेतृत्वाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल. अधिकारातील विषमता समाजातील कनिष्ठांना कितपत स्वाभाविक वाटते, हे त्यावरून कळते. या निर्देशांकात भारताला ७७, कोलंबियाला ६७, अमेरिकेला ४० आणि नेदरलँड्सला ३८ गुण आहेत.

घटक

सून अँग, लिन व्हॅन डाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सांस्कृतिक बुद्धिमत्तेचे चार घटक मानले आहेत. इतर संस्कृतींविषयीचे ज्ञान, त्यांच्याशी जुळवून घेण्याची इच्छा आणि प्रत्यक्ष वर्तनातील लवचीकता हे तीन घटक सहज समजण्याजोगे आहेत. चौथा घटक म्हणजे स्वतःच्या समजुतींवर लक्ष ठेवण्याची सवय. आपण लावलेला अर्थ चुकीचा असू शकतो, ही शंका ऐन संभाषणात मनात येणे त्यात अपेक्षित असते.

मराठीतील ‘बघू’ हा शब्द याचे चांगले उदाहरण आहे. मराठी भाषकाला तो बहुधा सौम्य नकार म्हणून कळतो. तोच शब्द इंग्रजीत भाषांतरित होऊन स्पष्ट बोलण्याची सवय असलेल्या डच वा जर्मन सहकाऱ्यापर्यंत गेला, तर काम विचाराधीन आहे असा त्याचा समज होतो आणि तो उत्तराची वाट पाहत राहतो. यात खोटे कोणीच बोललेले नसते.

नेतृत्वातील महत्त्व

अशा गैरसमजांचे गंभीर परिणाम हवाई वाहतुकीत दिसून आले आहेत. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे ५२ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कजवळ कोसळले. खराब हवामान व गर्दीमुळे त्याला वाटेत एकूण १ तास १७ मिनिटे घिरट्या घालाव्या लागल्या होत्या. इंधन संपत आल्यावर वैमानिकाने सहवैमानिकाला आणीबाणी कळवण्यास स्पॅनिशमधून सांगितले. सहवैमानिकाने मात्र नियंत्रकाला इंधन कमी पडत असल्याचे नेहमीच्या संथ स्वरात कळवले. ‘आणीबाणी’ हा शब्द उच्चारला नाही. विमानातील १५८ जणांपैकी ७३ जण मृत्युमुखी पडले. इंधनाचे अपुरे नियोजन आणि आणीबाणी न कळवणे या दोन्ही बाबींवर चौकशी अहवालाने बोट ठेवले, तसेच इंधनस्थितीसाठी ठरावीक शब्दावली नसल्याचेही नमूद केले.

कार्यालयात जीव जात नाहीत, परंतु प्रक्रिया तीच असते. मुदतीत काम होणार नाही हे कनिष्ठाला ठाऊक असते. तो ते सूचित करतो, आणि वरिष्ठाला सूचना ऐकूच येत नाही. म्हणून ‘जमेल ना?’ या प्रश्नाऐवजी ‘यात कोणती अडचण येऊ शकते?’ असे विचारणे उपयुक्त ठरते, कारण पहिल्या प्रश्नाला नाही म्हणणे अनेक संस्कृतींत उद्धटपणाचे मानले जाते. बैठकीपूर्वी लेखी मते मागवणे, कनिष्ठांना आधी बोलू देणे आणि तातडीच्या प्रसंगासाठी ठरावीक शब्द निश्चित करणे हेही उपाय आहेत. बोलण्याची जोखीम कमी करणे ही नेत्याची जबाबदारी आहे. ‘मोकळेपणाने बोला’ असे नुसते सांगून ती पार पडत नाही.

मर्यादा व टीका

राष्ट्रीय संस्कृतीवरून व्यक्तीचे वर्तन ठरवणे धोक्याचे आहे. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मरण पावले. त्यांपैकी केएलएम या डच कंपनीच्या विमानातील अभियंत्याने धावपट्टी मोकळी आहे का, अशी शंका व्यक्त केली होती. ज्येष्ठ कप्तानाने ती ठामपणे फेटाळली आणि पुन्हा कोणी विरोध केला नाही. नेदरलँड्सचा सत्ता-अंतर निर्देशांक कमी असूनही हे घडले. अशा अपघातांच्या अभ्यासानंतर १९७९ मध्ये नासाने घेतलेल्या कार्यशाळेतून विमानकर्मचाऱ्यांच्या परस्परसंवादाचे प्रशिक्षण आकाराला आले. त्याची सुरुवात अमेरिकेतच झाली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

एकाच कंपनीतील कर्मचाऱ्यांवरून संपूर्ण राष्ट्राविषयी निष्कर्ष काढता येतात का, असा आक्षेप ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ साली हॉफ्स्टेड यांच्या पद्धतीवर घेतला. भारतासारख्या बहुभाषिक देशाला एकच आकडा देण्याबाबतही ही शंका रास्त आहे. सांस्कृतिक बुद्धिमत्ता मोजण्यासाठी वापरली जाणारी २० विधानांची प्रश्नावली उत्तरदाता स्वतःच भरतो. त्यामुळे स्वतःविषयी अवास्तव खात्री असलेल्याला अधिक गुण मिळण्याची शक्यता राहते. यासाठी काही अभ्यासांत तीच विधाने त्याच्या सहकाऱ्यांकडूनही भरून घेतली जातात.