देश एक, गरिबीच्या मोजपट्ट्या अनेक

एखादा देश किती संपन्न वा किती दरिद्री ठरतो, हे मोजणाऱ्याच्या भूमिकेवर आणि त्याने निवडलेल्या निकषावर बरेचसे अवलंबून असते, याची साक्ष भारताची आकडेवारी देते.

■ दरडोई उत्पन्न : दादाभाई नौरोजी यांनी १८६७-६८ साठी ब्रिटिश भारतातील माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये मांडले, तर १८८२ मधील सरकारी अंदाजाने ते २७ रुपये ठरवले.

■ दारिद्र्यरेषा : किमान गरजा भागवण्यासाठी लागणाऱ्या खर्चाची ही सीमा वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी दररोज २,२५० कॅलरींच्या आहाराशी जोडली. पुढे २०११-१२ साठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने ग्रामीण भागात माणशी मासिक ८१६ आणि शहरी भागात १,००० रुपये ही रेषा धरल्यावर २१.९ टक्के लोक गरीब ठरले. रंगराजन समितीने ती अनुक्रमे ९७२ व १,४०७ रुपयांवर नेताच हे प्रमाण २९.५ टक्के झाले, म्हणजे कोणाच्याही ताटातील भाकरी कमी न होता गरिबांची संख्या सुमारे नऊ कोटींनी वाढली.

■ क्रयशक्ती : चलनाच्या विनिमय दराऐवजी त्या-त्या देशातील किमती लक्षात घेणाऱ्या या पद्धतीनुसार भारताची अर्थव्यवस्था चीन व अमेरिकेपाठोपाठ जगात तिसरी आहे, मात्र तेच उत्पन्न लोकसंख्येने भागले की देश क्रमवारीत शंभराच्याही खाली जातो.