हॉटेलची पाटी रंगविण्यापूर्वी
पुण्यातील हॉटेले उघडतात किती, टिकतात किती? एका कापड व्यापाऱ्याचा हिशेब

गेल्या रमजानची गोष्ट. तरावीहनंतर आमचा भाचा आम्हाला कोंढव्यात कौसरबागेकडे घेऊन गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कबाब, शोरमा, मालपोवा, फिरनी यांच्या गाड्या लागलेल्या होत्या आणि पाय ठेवायला जागा नव्हती. भाच्याने विचारले, "मामू, पाहिलीत ना गर्दी? येथेच एक गाळा मिळतो आहे. तुम्ही निम्मी रक्कम घाला, निम्मी मी उभी करतो. हॉटेल काढू."

आम्ही त्याला एवढेच म्हणालो, "ही गर्दी एका महिन्याची आहे. उरलेल्या अकरा महिन्यांचा हिशेब घेऊन ये, मग बोलू."

भाचा नाराज झाला. पण घरी आल्यावर आमच्या मनात आले की, हिशेब त्याच्याकडे मागितला खरा, पण तो आम्हाला तरी कोठे ठाऊक आहे? आमची सारी हयात कापडात गेली. शिक्षण उर्दूत झाले आणि मराठी बाजाराने शिकविली. हॉटेलात आम्ही बसलो ते ग्राहक म्हणून. म्हणून पुढचे काही आठवडे दुकान बंद झाल्यावर आम्ही कॅम्प, मोमीनपुरा, नाना पेठ, डेक्कन आणि कोंढवा पायी फिरलो. ओळखीच्या हॉटेलवाल्यांशी बोललो. बंद पडलेल्यांशीही बोललो, कारण खरा सल्ला तेच देतात. त्यातून जे समजले ते वाचक बांधवांपुढे ठेवीत आहोत.

जुनी का टिकली?

पुण्यात जुन्या हॉटेलांची कमतरता नाही. कॅम्पातील दोराबजी १८७८ सालचे. डेक्कनवरील कॅफे गुडलक १९३५ चे, आणि आज तो चौकच गुडलक चौक म्हणून ओळखला जातो. ईस्ट स्ट्रीटवरील कयानी बेकरी १९५५ ची आणि जहांगीर रुग्णालयाजवळचे वोहुमन कॅफे १९७८ चे. यांचे मालक कोणी पारशी, कोणी इराणी. पण धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर सर्वांत तीन गोष्टी सारख्या दिसतात.

पहिली गोष्ट, जिन्नस मोजके. कयानी म्हटले की श्रूजबेरी बिस्किट, वोहुमन म्हटले की चीज ऑम्लेट आणि बन मस्का, दोराबजी म्हटले की बिर्याणी. ग्राहक घरून निघतानाच ठरवून निघतो. याउलट नव्या हॉटेलांत पंधरा पानांचे मेनूकार्ड असते आणि त्यातील निम्मे पदार्थ विचारले तर "आज नाही" असे उत्तर मिळते.

दुसरी गोष्ट, गल्ल्यावर घरचा माणूस. तिसरी गोष्ट, जागा स्वतःची किंवा जुन्या भाडेकराराची. ही तिसरी गोष्टच सर्वांत मोठी आहे. मात्र बाहेरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही.

जागेचा खेळ

मुंबई इलाख्यात १९४७ सालच्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंचे भाडे जवळजवळ गोठविले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळाली, पण जुन्या भाडेकरूचे संरक्षण राहिले. त्यामुळे ज्याच्या आजोबांनी पागडी देऊन जागा घेतली, तो आजही कमी भावात चहा पाजू शकतो. नव्याने येणाऱ्याला ती सोय नाही. त्याला लीव्ह अँड लायसन्सवर, आजच्या दराने, ठरावीक महिन्यांसाठीच जागा मिळते.

हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. समजा भाडे महिन्याला ६०,००० रुपये, म्हणजे रोजचे २,०००. चहा २० रुपये. दूध, साखर, पत्ती आणि गॅस जाऊन एका कपात ८ रुपये सुटले, तर निव्वळ भाड्यासाठी रोज २५० कप विकले पाहिजेत. सहा माणसांचा पगार प्रत्येकी १५,००० धरला तर रोजचे ३,००० झाले. त्यासाठी आणखी ३७५ कप. एकूण ६२५ कप. हॉटेलात दहा टेबले आणि चाळीस खुर्च्या असतील, तर प्रत्येक खुर्चीवर दिवसभरात पंधरा-सोळा ग्राहक बसून उठले पाहिजेत. वीजबिल, पाणी, फुटलेले कप आणि मालकाचे स्वतःचे घर यांचा खर्च अजून यात आलेलाच नाही.

आता आठवा, आपण स्वतः एका कपावर किती वेळ बसत होतो!

डेक्कनवरचे लकी आणि एम. जी. रोडवरचे नाझ ही दोन नावे पुण्याच्या जुन्या माणसांपुढे घेतली की ते उसासा टाकतात. दोन्ही बंद होऊन बरीच वर्षे झाली. तेथे ग्राहक येत नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. पण मोक्याच्या जागेचा भाव वाढत जातो आणि चहाचा भाव त्याच्या मागे धावू शकत नाही. गिऱ्हाईक भरपूर असतानाही हॉटेल बंद होऊ शकते, ही गोष्ट आम्ही कापडवाले सहसा ध्यानात घेत नाही.

कापड आणि बिर्याणी

आमच्यातील अनेकांची समजूत अशी की, ज्याला एक धंदा जमला त्याला दुसराही जमेल. रविवार पेठेतील कापडगंजात आम्ही उभी हयात थाने मोजली. तेथील नियम हॉटेलाला लागू पडत नाहीत. थान विकले गेले नाही तर पुढच्या ईदला निघते, नाही तर सेलमध्ये निघते. अगदी नुकसान झाले तरी मालाचे काही तरी पैसे हाती येतात. उरलेली बिर्याणी दुसऱ्या दिवशी विकता येत नाही आणि विकूही नये.

दुसरी गोष्ट गुंतवणुकीची. दुकान बंद केले तर कपाटे आणि माल घेऊन दुसरीकडे जाता येते. हॉटेलात फरशी, भटारखान्याची चिमणी, पाण्याची लाइन आणि गटाराचे काम यांत जो पैसा जातो तो भिंतीतच राहतो. करार संपला की तो मालकाचा. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थाने नाना पेठेत मोठ्या हौसेने हॉटेल काढले. पंचवीस महिन्यांत बंद केले. फर्निचर भंगारात गेले. कर्ज मात्र अजून चालू आहे.

तिसरी गोष्ट कराची. कापडावर आपण ५ टक्के जीएसटी भरतो आणि खरेदीवर भरलेला कर वजा करून घेतो. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलांना ५ टक्के कर आहे, पण वजावट मिळत नाही. भाड्यावरचा १८ टक्के कर, फ्रिजवरचा कर, चिमणीवरचा कर, सर्व अंगावर. उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर कंपोझिशन योजना घेता येते, पण तेथे ५ टक्के स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. ते ग्राहकाच्या बिलात लावता येत नाहीत. आपल्या सवयीप्रमाणे वजावट धरून हिशेब मांडणारा कापडवाला येथे पहिल्याच वर्षी फसतो.

मोहल्ल्यामोहल्ल्याचे वेगळे गणित

मोमीनपुऱ्यातील छोटी हॉटेले पाहा. पाच-सहा टेबले, सकाळी निहारी, संध्याकाळी कबाब. घर वर आणि हॉटेल खाली. येणारा ग्राहक शेजारचाच. तेथे नफा थोडा, पण खर्चही थोडा आणि नडीला घरची माणसे हाताखाली.

कॅम्पातील हॉटेले बाजारावर जगतात. लोक कपडा, चप्पल घ्यायला येतात आणि मग खातात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. महाराष्ट्रात हॉटेलांत बसून खाण्याची मुभा ५ ऑक्टोबर २०२० ला मिळाली, तीही निम्म्या खुर्च्यांवर. बाजार जरा सावरतो न सावरतो तोच १६ मार्च २०२१ ला शिवाजी मार्केटला आणि त्यानंतर दहा दिवसांनी फॅशन स्ट्रीटला आग लागली. फॅशन स्ट्रीटवर शेकडो दुकाने जळाली. आपण त्या वेळी कापडवाल्यांचे नुकसान मोजले. पण त्यांना रोज चहा आणि जेवण पुरविणाऱ्यांचे गिऱ्हाईकही त्याच रात्री गेले, हे कोणी मोजले नाही.

कोंढव्याचे गणित तिसरेच. वस्ती मोठी, तरुण मंडळी पुष्कळ, पण नवे हॉटेलही दर महिन्याला उघडते. एकाचा शोरमा चालला की त्याच रांगेत आणखी चार शोरमे उभे राहतात. आम्ही एका गाळ्यावर सहा वर्षांत चार पाट्या पाहिल्या. आधी चायनीज, मग बिर्याणी, मग शोरमा आणि आता मोबाइलचे दुकान. प्रत्येक पाटीमागे कोणाच्या तरी बापाची बचत होती.

घरपोच पार्सल पोहोचविणाऱ्या कंपन्यांमुळे धंदा वाढतो, हे खरे. परंतु कमिशन, जाहिरात आणि सवलत मिळून बिलातील मोठा हिस्सा तिकडे जातो. आलेल्या ऑर्डरी मोजू नका, हातात काय पडले ते मोजा.

नाव आणि कागद सांभाळा

पुण्यातील एक खटला प्रत्येक व्यापाऱ्याने माहीत करून घ्यावा. कॅम्प आणि कोरेगाव पार्क भागात बर्गर किंग या नावाचे एक स्थानिक हॉटेल १९९२ पासून चालत आले आहे. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये त्यावर दावा लावला. त्या कंपनीचे भारतातील पहिले दुकान २०१४ मध्ये उघडले. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि तेथे डिसेंबरमध्ये अपिलाचा निकाल लागेपर्यंत ते नाव वापरण्यास मनाई झाली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. एका नावासाठी कोर्टकचेरीची किती वर्षे गेली ते पाहा. छोट्या व्यापाऱ्याने ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन केल्यास एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षे चालते. पाटी रंगविण्यापूर्वी हे काम करावे.

तसेच जागेचा करार नोंदविलेलाच असावा. १९९९ च्या कायद्यानुसार ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती करण्याची जबाबदारी मालकावर आहे. भागीदारी असेल तर ती लेखी करून नोंदवावी. भाऊ आहे, मेहुणा आहे, म्हणून कागद नको, हा आपल्याकडचा जुना रोग आहे. नोंद नसलेल्या भागीदारी संस्थेला येणे वसूल करण्यासाठी कोर्टात उभे राहणे कठीण जाते. आणि नाते तुटते ते वेगळेच.

गल्ल्यावर कोण बसणार?

बंद झालेल्यांपैकी एका वृद्ध हॉटेलवाल्याचे म्हणणे आमच्या मनात राहिले. ते म्हणाले, "आमचे हॉटेल तोट्यात नव्हते. पहाटे चारला उठणारा माणूस घरात राहिला नाही, म्हणून बंद केले." त्यांची मुले शिकली, नोकरीला लागली. यात वाईट काही नाही. पण नव्याने हॉटेल काढणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला आधी विचारावा. वस्ताद सोडून गेला की चव जाते. मालकच गेला तर मागे काही उरत नाही.

त्यांच्याच हॉटेलात आम्ही पंचवीस वर्षांचे असताना दलालांबरोबर बसत होतो. कोणाचे पेमेंट वेळेवर येते, कोणाला उधारी देऊ नये, कोणत्या गावात कोणता रंग खपतो, हे सारे शिक्षण एका चहावर होत असे. आज तेथे शटर आहे. आमच्यानंतरची पोरे तो धडा कोठे घेतील, ते आम्हाला सांगता येत नाही.

भाच्याचे काय झाले?

भाचा दीड महिन्याने वही घेऊन आला. आम्ही वही वाचली. रमजानचे आकडे चोख होते, पावसाळ्याचे अंदाजाने घातलेले होते. आम्ही त्याला निम्मी रक्कम देण्याचे कबूल केले, पण दोन अटींवर. आधी सहा महिने दुसऱ्याच्या हॉटेलात गल्ल्यावर नोकरी करायची. आणि पहिले दुकान चाळीस खुर्च्यांचे नाही, तर तीन जिन्नसांचे पार्सल काउंटर असेल. जिन्नस चालले तर पुढे खुर्च्या टाकू.

"मामू, तोपर्यंत तो गाळा जाईल," तो म्हणाला. आम्ही म्हणालो, "जाऊ दे. गाळा दुसरा मिळेल. तुझ्या अब्बांची बचत दुसरी मिळणार नाही."

गाळा खरोखर गेला. आता त्याच्या नोकरीचा तिसरा महिना चालू आहे. रात्री अकराला घरी येतो तेव्हा अंगाला कांद्याचा वास असतो. परवा त्याने आपणहून सांगितले, "मंगळवारी दुपारी तीन ते सहा मी ग्राहक मोजले. सतरा झाले." आम्ही त्याला तो आकडा वहीत लिहायला सांगितला.

ज्या बांधवांच्या घरात असा एखादा तरुण हॉटेलची पाटी रंगवायला निघाला असेल, त्यांनी त्याला नाही म्हणू नये. हा रोजीचा चांगला मार्ग आहे आणि पिढ्यान् पिढ्या टिकलेली उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. फक्त त्याला रमजानची गर्दी दाखवू नका. जुलैमधील मंगळवारच्या दुपारी त्या रस्त्यावर तीन तास उभे करा.