रणगाड्याचा सराव आणि मनाचा सराव

नगरकरांना तोफेचा आवाज नवा नाही. खारेकर्जुन्याच्या माळावर, म्हणजे लष्करी बोलीतील ‘के. के. रेंज’वर, गोळाफेकीचा सराव सुरू झाला की आसपासच्या गावांतील खिडक्यांची तावदाने थरथरतात. घरातील वृद्ध क्षणभर दचकतात आणि पुन्हा हातातल्या कामाकडे वळतात. चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय १९४८ पासून या शहरात आहे. यांत्रिकी पायदळाचे रेजिमेंटल केंद्रही येथेच. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी ‘नगरला ट्रेनिंग झाले’ हे वाक्य देशभरातील रणगाडा दलाच्या निवृत्तांच्या तोंडी तसेच टिकून आहे.

रणगाड्यावरील तोफचालकाला शिकवण्याची रीत मोठी बोलकी असते. त्याला पहिल्याच दिवशी माळावर नेत नाहीत. आधी सिम्युलेटरसमोर बसवतात. समोर पडदा, हाताशी खरी वाटावी अशी यंत्रणा, लक्ष्य हलते, वेळ मोजली जाते. फक्त गोळा खरा नसतो. चूक व्हायचीच असेल तर ती येथे व्हावी, तेथे नव्हे, एवढाच त्यामागचा हेतू. मग प्रश्न असा, की ज्या मनाने हे सारे करायचे त्या मनाचा सराव आधी का घेऊ नये? छाती धडधडत असताना, तोंडाला कोरड पडलेली असताना विचार स्थिर कसा ठेवायचा, हे प्रत्यक्ष संकटातच शिकावे असे आपण का गृहीत धरतो?

मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मायकेनबाम यांनी या विचाराला शास्त्रीय रूप दिले. त्यांची पद्धत ‘ताणाची लस’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. लसीत रोगजंतूंचा दुबळा अंश देऊन शरीराला तयार करतात, तसे येथे माणसाला सोसवेल एवढा ताण देऊन तयार करायचे. तिचे टप्पे तीन : ताण आला की शरीरात काय घडते ते समजून घेणे, त्याला आवर घालण्याची कौशल्ये शिकून घोटणे, आणि मग ती हळूहळू वाढत्या ताणात वापरून पाहणे. सैनिक, पोलीस, शस्त्रक्रियेला सामोरे जाणारे रुग्ण, अशा अनेकांसाठी ही पद्धत वापरली गेली.

टॅब्लेट या कहाणीत पुढे आला. अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाच्या पाठबळाने आयपॅडवर चालणारी एक प्रशिक्षण प्रणाली तयार झाली. तिचे नाव ‘स्ट्रेस रेझिलिअन्स ट्रेनिंग सिस्टिम’. कानाच्या पाळीला छोटा चिमटा लावायचा. तो नाडीचा प्रत्येक ठोका टिपतो. पडद्यावर आधी माहिती, मग श्वासाची व लक्ष स्थिर करण्याची तंत्रे, आणि त्यानंतर खेळ. हा खेळ बोटांनी जिंकता येत नाही. हृदयाच्या ठोक्यांची लय सुस्थिर झाली तरच तो पुढे सरकतो. चिडून जोर लावणारा येथे हरतो, हे मला या साऱ्या खटाटोपात सर्वांत शहाणपणाचे वाटले.

त्यामागचे शरीरशास्त्र घरबसल्या पडताळता येण्याजोगे आहे. निरोगी हृदयाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत. श्वास आत घेताना नाडी किंचित वेगावते, सोडताना मंदावते. मनगटावर बोटे ठेवून दीर्घ श्वसन केले तर, विशेषतः तरुण माणसात, हा फरक जाणवतो. नाडी मंदावण्याचे काम मेंदूतून निघून हृदयापर्यंत पोहोचणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचे. भीती किंवा संतापाच्या वेळी अॅड्रेनलिनचा अंमल वाढतो, व्हेगसचा लगाम सैल पडतो आणि ठोक्यांतील हा नैसर्गिक चढउतार आक्रसतो. सामान्यतः आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. तो सहाच्या आसपास आणला की श्वास, नाडी आणि रक्तदाब यांचे हेलकावे एकमेकांशी जुळतात आणि लगाम पुन्हा घट्ट होतो. टॅब्लेट एवढेच करतो, की हा अदृश्य बदल डोळ्यांना दाखवतो.

तुळशीची माळ ओढणाऱ्या आजीला यात फारसे नवल वाटणार नाही. इटलीतील संशोधक लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तेवीस निरोगी व्यक्तींवर प्रयोग केला. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्हींच्या पठणात श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आली. परंपरेने जे लयीतून साधले, ते यंत्राने आलेखातून साधायला घेतले आहे.

मात्र यंत्राच्या यशाची बेरीज करताना हात आखडता घ्यावा. हीच आयपॅड प्रणाली सॅन डिएगोच्या पोलीस दलातील चौदा जणांनी वापरल्याचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या ताणाच्या प्रश्नावलीत सुधारणा दिसली. पण संख्या लहान होती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि मुख्य म्हणजे त्या मंडळींना केवळ टॅब्लेट दिलेला नव्हता. अनुभवी मार्गदर्शक त्यांच्याशी ठरावीक काळाने दूरध्वनीवर बोलत होते. यश पडद्याचे किती आणि पलीकडून बोलणाऱ्या माणसाचे किती, हे अशा अभ्यासातून वेगळे काढता येत नाही. माझा कौल माणसाच्या बाजूने आहे.

सैनिकांचा विषय ज्येष्ठांच्या पाक्षिकात कशासाठी, असे कोणी विचारील. पारनेर-श्रीगोंद्यापासून पाथर्डी-शेवगावपर्यंत कितीतरी घरांत एक पोरगा सीमेवर असतो आणि रात्री फोन लागला नाही की आईवडिलांचा डोळ्याला डोळा लागत नाही. दुसरीकडे, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची वर्षानुवर्षे सेवा करणारी बाई कोणत्याही पहाऱ्यावरच्या जवानाइतकीच ताठ उभी असते. तिला बदलीचा पहारेकरी तेवढा मिळत नाही.

माझ्या आईच्या अखेरच्या दोन वर्षांत मी हे श्वसन शिकलो. प्रारंभी मी ते संतापाच्या क्षणीच करून पाहत असे. रात्री तिसऱ्यांदा चादर बदलायची वेळ आली, की दात-ओठ खात दीर्घ श्वास घ्यायचा. काही उपयोग झाला नाही. पुढे रोज दिवेलागणीला, ती शांत पडलेली असताना, दहा मिनिटे बसू लागलो. महिनाभराने रात्रीच्या त्या क्षणी श्वास आपण होऊन लांबला. राग गेला असे नव्हे. पण तो शब्दांत उतरण्यापूर्वी मधे थोडी जागा मिळू लागली. सिम्युलेटर आधी आणि माळ नंतर, हा क्रम मी उलटा केला होता.

घरी करायचे असेल तर टॅब्लेट नसला तरी चालतो. पाठीला टेकू देऊन बसावे, नाकाने चार सेकंद श्वास घ्यावा, पोट सैल सोडावे, सहा सेकंदांत श्वास सोडावा. श्वास रोखून धरू नये. प्रारंभी पाच मिनिटे पुरेत. चक्कर आली किंवा ओठांना मुंग्या आल्या तर आपण फार खोल श्वास ओढतो आहोत असे समजून थांबावे. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुनाट विकाराच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

नातवाने घड्याळात किंवा टॅबवर ठोक्यांचा आलेख लावून दिला, तर आकड्यांबाबत सावध असावे. वयोमानाने ठोक्यांतील चढउतार कमी होतोच. तिशीतल्या जवानाशी सत्तरीतल्या आजोबांनी तुलना करून खंतावण्यात अर्थ नाही. हृदयाची लय मुळातच अनियमित असेल, ज्याला डॉक्टर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात, किंवा पेसमेकर बसवलेला असेल, तर हे आकडे निरर्थक ठरतात. बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्यांनीही ते बदलतात. म्हणून आकडा सुधारावा यासाठी गोळी बंद करण्याचा विचारही मनात आणू नये. छातीत कळ, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी वेदना, अकस्मात दरदरून घाम, ही ‘ताणा’ची लक्षणे समजून श्वास मोजत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.

ज्यांची मुले सैन्यात आहेत त्यांना आणखी एक सांगणे. व्यायामाच्या एका अॅपने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशातून अनेक देशांचे लष्करी तळ उघडे पडल्याचे २०१८ च्या प्रारंभी लक्षात आले. आपल्या लष्करानेही २०२० च्या जुलैत जवानांना एकोणनव्वद अॅप काढून टाकायला सांगितले होते. तेव्हा बाजारातले कोणतेही आरोग्य-अॅप कौतुकाने मुलाच्या फोनवर धाडू नये, आणि आपल्या फोनमध्येही ते ठिकाणाची परवानगी मागत असेल तर देऊ नये. श्वास मोजायला पत्ता लागत नाही.

झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर हा सराव अपुरा आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलते. सशस्त्र दलांसाठी तिचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळच्या भिंतीवर चिकटवून ठेवावा. सेवा करणाऱ्याने तो स्वतःसाठीही फिरवायचा असतो, हे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी त्याला सांगायला हवे; तो आपण होऊन फिरवत नाही.