उजवीकडे वळण्यासाठी आधी डावीकडे!

यवतमाळ, प्रतिनिधी

पावसाळ्यात जिल्ह्यातील रस्त्यांवर दुचाकी चालविणाऱ्या अनेकांना एक अनुभव आला असेल. समोरून ट्रक येतो, म्हणून आपण गाडी डांबराच्या अगदी डाव्या काठाला घेतो. काठाखाली खचलेली साइडपट्टी आणि काळ्या मातीचा चिखल असतो. ट्रक निघून गेल्यावर पुन्हा रस्त्याच्या मध्याकडे यावे म्हटले, तर गाडी जणू ऐकतच नाही. ती काठाकडेच ओढली जाते आणि चाक खाली उतरताच स्वार घसरतो. दोष रस्त्याला दिला जातो व तो बऱ्याच अंशी खराही असतो. ओल्या हवेत फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती साइडपट्टी टिकू देत नाही. परंतु गाडी काठाकडे का जाते, याचे उत्तर मातीत नसून दुचाकीच्या वळण्याच्या रीतीत आहे. उजवीकडे वळण्यासाठी दुचाकीचे पुढचे चाक आधी क्षणभर डावीकडे जावे लागते. काठावर त्यासाठी जागाच उरलेली नसते.

या क्रियेला ‘काउंटरस्टिअरिंग’ म्हणतात. सायकल, स्कूटर, मोटारसायकल या सर्वांना हा नियम सारखाच लागू आहे.

तळहातावरची काठी

लहानपणी तळहातावर काठी उभी तोलण्याचा खेळ सर्वांनी खेळला असेल. काठी उजवीकडे न्यायची असेल, तर हात आधी किंचित डावीकडे सरकवावा लागतो. काठी उजवीकडे कलते आणि मग हात तिच्यामागे धावतो. हात एकदम उजवीकडे नेला, तर काठी डावीकडे पडते.

दुचाकीचेही असेच आहे. ऑटोरिक्षा तीन चाकांवर उभी असते; तिचे हँडल उजवीकडे फिरविले की ती उजवीकडे जाते. दुचाकीला मात्र वळण्यापूर्वी कलावे लागते. हँडल किंचित डावीकडे फिरले, की चाके डावीकडे सरकतात. स्वाराचे व गाडीचे वजन मात्र जडत्वामुळे सरळच जात राहते. परिणामी गाडी उजवीकडे कलते. त्यानंतर पुढचे चाक स्वतःच कलाच्या दिशेने वळते आणि गाडी उजवे वळण घेऊ लागते. हा उलटा झटका क्षणार्धाचा आणि अतिशय बारीक असतो. म्हणून आयुष्यभर दुचाकी चालवूनही तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंचा व्यवसाय सायकलींचा होता. त्यांपैकी विल्बर राइट यांनी अनेक सायकलस्वारांना, तुम्ही डावीकडे कसे वळता, असे विचारले होते. हँडल आधी उजवीकडे जाते, हे पहिल्यांदा विचारल्यावर एकालाही नीट सांगता आले नाही. हातांना ठाऊक असलेली गोष्ट डोक्याला ठाऊक नव्हती.

शरीर झुकविले की गाडी वळते, असाही अनेकांचा समज आहे. अमेरिकेतील मोटारसायकल प्रशिक्षक कीथ कोड यांनी त्याची परीक्षा घेण्यासाठी एका गाडीच्या सांगाड्यावर दुसरे, न फिरणारे हँडल बसविले. ते धरून केवळ अंग झुकवीत गाडी वळविण्याचा प्रयत्न केला असता ती थोडीफार सरकते. नेमके, झटपट वळण मात्र घेता येत नाही.

प्रश्न जिवाचा

रोजच्या प्रवासात हात आपोआप योग्य तेच करतात. मग हे समजून घेण्याची गरज काय? गरज संकटाच्या क्षणी असते. कापसाच्या हंगामात, तिन्हीसांजेला, मागे दिवा नसलेली बैलगाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला अचानक दिसते. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. घाबरलेला स्वार हँडल उजवीकडे ओढतो आणि गाडी कलते डावीकडे, म्हणजे नेमकी बैलगाडीच्या दिशेने.

लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांचा अभ्यास करून प्राध्यापक हॅरी हर्ट यांच्या पथकाने १९८१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. अपघातग्रस्त स्वारांपाशी काउंटरस्टिअरिंग करून अडथळा चुकविण्याचे कौशल्य जवळजवळ नव्हतेच, असा त्याचा एक निष्कर्ष होता. बहुतेकांनी मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरविले आणि पुढच्या ब्रेकचा पुरेसा वापर केलाच नाही.

पुसद परिसरातील डोंगरवळणांवर दुसरा धोका असतो. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सुमारे २३ अंश कलावी लागते. ताशी ६० वर हाच कल ४३ अंशांवर जातो. डाव्या वळणावर वेग जास्त झाला, की स्वार भीतीने पुरेसे कलत नाही आणि गाडी समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला जाते. अशा वेळी जोरात ब्रेक मारल्यास गाडी आणखी सरळ होते किंवा घसरते. नजर वळणाच्या टोकाकडे ठेवून डावी मूठ हलकेच पुढे दाबणे, हाच मार्ग उरतो.

लक्षात ठेवण्याचे सूत्र सोपे आहे : ज्या बाजूला वळायचे, त्या बाजूची मूठ पुढे ढकलावी. वाहन परवान्याच्या चाचणीत इंग्रजी आठच्या आकड्यावर गाडी फिरवावी लागते. पण ती चालण्याच्या वेगात. तेथे तोल सांभाळण्याचीच कसोटी लागते, अडथळा चुकविण्याची नव्हे.

सराव करायचा तर हेल्मेट घालून, कोरड्या व मोकळ्या मैदानावर, ताशी २५-३० किलोमीटर वेगात करावा. सरळ जाताना उजवी मूठ अगदी हलकेच पुढे दाबावी. गाडी उजवीकडे कलल्याचे लगेच जाणवते. वाळू, खडी वा चिखलावर हा प्रयोग करू नये, कारण टायरची पकड नसेल तर चाकच निसटते. आणि पावसाळ्यात डांबराचा काठ सोडून हातभर आतून चालावे. उजवीकडे येण्यासाठी गाडीला आधी डावीकडे तेवढी जागा लागते.