घरी बूट रंगवताना थिनर आणि अ‍ॅसिटोनची काळजी

सुट्टी लागली की पांढऱ्या स्नीकर्सवर चित्रं रंगवायची हौस मुलांना येते. जरूर रंगवू द्या. पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगांचा सहसा त्रास होत नाही. काळजी घ्यायची ती बुटावरची चकाकी काढणाऱ्या अ‍ॅसिटोनची आणि ऑइल पेंटसाठी आणलेल्या थिनरची.

दोन्हींची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरून गॅसपर्यंत किंवा देवघरातल्या दिव्यापर्यंत पोहोचली तर भडका उडतो. हे काम अंगणात किंवा गच्चीवर करा. डोकं दुखलं, गरगरलं तर थांबा. रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांत हातमोज्यांशिवाय हात न लावणारी माणसं घरी मात्र बोटांनीच थिनर चोळतात!

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. सुटं थिनर पाण्याच्या बाटलीत आणलं जातं आणि तहानलेलं लहान मूल ते पिऊन टाकतं. मग घरचे मिठाचं पाणी पाजून उलटी करवतात. असं अजिबात करू नका. उलटी होताना थिनर फुप्फुसात उतरतं आणि गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. दूधही पाजू नका. तोंड पुसा, भिजलेले कपडे काढा, १०८ ला फोन करा आणि ती बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठा. मूल खेळतंय म्हणून घरी थांबू नका. खोकला, धाप काही तासांनीही सुरू होते.

डोळ्यात उडालं तर नळाच्या धारेखाली निदान १५ मिनिटं डोळा धुवा, मग दवाखान्यात या.