जुन्या मोटारींच्या पेट्रोल-टाक्या : गळती आणि दुरुस्ती

जुन्या मोटारीच्या टाकीतून पेट्रोल ठिबकू लागले म्हणजे मालकाची दृष्टी प्रथम छिद्राकडे जाते. ते कसेबसे बुजविले की काम झाले, असे त्यास वाटते. वस्तुतः छिद्र हे रोगाचे शेवटचे लक्षण होय. रोग टाकीच्या आत, तळाशी असतो. आणि तो बहुधा पेट्रोलाने नव्हे, तर पाण्याने जडलेला असतो.

ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड या मोटारीवरून घडविलेली व २०१४ पर्यंत पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होत असलेली अँबॅसडर घ्या, किंवा तिच्या पिढीतील दुसरी कोणतीही मोटार घ्या. टाकी पोलादी पत्र्याची असे. त्या काळी अशा पत्र्यावर शिसे व कथील यांच्या मिश्रधातूचा पातळ लेप देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ होती. हा लेप सहसा गंजत नाही. परंतु जस्ताचा लेप जसा स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करतो, तसे तो करीत नाही. म्हणून तो जेथे खरवडला जातो तेथे लोखंड निराधार होते.

टाकीत पाणी येते कोठून? टाकी श्वासोच्छ्वास करते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दिवसा आतील हवा तापून प्रसरण पावते व वायुमार्गाने बाहेर पडते. रात्री निवल्यावर बाहेरची दमट हवा आत शिरते. तिच्यातील बाष्पाचे थेंब थंड पत्र्यावर जमतात आणि ओघळून खाली येतात. पाणी पेट्रोलापेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहते व तेथूनच पत्रा कुरतडू लागते. गाडी वर्षानुवर्षे अर्धवट भरलेल्या टाकीनिशी उभी असेल, तर ही क्रिया अखंड चालते. त्यामुळे बाहेरून सुईच्या टोकाएवढे दिसणारे छिद्र हे आतील रुंद खळग्याचे केवळ टोक असते. बाहेरून ते खरवडू गेल्यास भोवतालचा कागदासारखा झालेला पत्राही ढासळतो.

वाटेतील तात्पुरत्या उपायांत साबणाची वडी घासणे हा उपाय मोठा शहाणपणाचा आहे. मेण, डांबर किंवा साधे रबर पेट्रोलात मऊ पडते वा विरघळते. साबण मात्र विरघळत नाही. तथापि पावसाच्या पाण्याने तो धुऊन जातो, हे ध्यानात ठेवावे.

कायमच्या दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते. द्रवरूप पेट्रोल स्वतः जळत नाही. जळते ते त्याचे बाष्प, आणि तेही हवेत त्याचे प्रमाण शेकडा सुमारे १.४ ते ७.६ असेल तेव्हाच. आता हिशोब करू. पन्नास लिटरच्या टाकीत शेकडा १.४ प्रमाण होण्यास बाष्प लागते पाऊण लिटरहून कमी. आणि एवढे बाष्प होण्यास चहाचा एक चमचाभर पेट्रोल पुरेसे आहे. तेवढे तर सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यांतच दडलेले असते! टाकी धुतली, वास येईनासा झाला, म्हणून ती निर्धोक झाली असे समजणे भ्रामक होय. पत्रा तापताच दडलेले पेट्रोल बाहेर येते. ज्योत नसली तरी सुमारे २५० ते २८० अंश सेंटिग्रेड उष्णतामानास हे बाष्प आपोआप पेट घेऊ शकते, आणि डाख देण्याची तापलेली कैया सहज तेथवर पोहोचते. यास्तव जाणते कारागीर टाकी गरम पाणी व साबणाने वारंवार धुतात, वाफेने शेकतात आणि मग छिद्र वर येईल अशा रीतीने ठेवून तिच्यात काठोकाठ पाणी भरतात, म्हणजे बाष्पाला जागाच उरत नाही. काही ठिकाणी पाण्याऐवजी नायट्रोजनासारखा निष्क्रिय वायू भरतात. हे काम घरी करण्याचे नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गंज काढण्यासाठी टाकीत साखळीचा तुकडा घालून ती हलवितात. नंतर सौम्य फॉस्फरिक अम्लाने धुतात. अम्लाने उरलासुरला गंज जाऊन पत्र्यावर लोह-फॉस्फेटचा करडा थर बसतो. निघालेली भुकटी श्वासावाटे जाऊ देऊ नये. भारतात पेट्रोलामध्ये शिशाची संयुगे घालणे २००० साली बंद झाले. त्यापूर्वीच्या टाकीतील गाळात शिसे असू शकते.

अनेक बारीक छिद्रे असतील तर आतून लेप देतात. इपॉक्सी जातीचे दोन द्रव मिसळून टाकीत ओततात, टाकी सर्व अंगांनी फिरवितात व उरलेले ओतून काढतात. लेप केवळ स्वच्छ, कोरड्या धातूलाच धरतो. तेलकट पत्र्यावर घातल्यास तो पुढे सुटून पापुद्रे नळीत अडकतात. शिवाय २०२३ पासून भारतात शेकडा २० इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. जुन्या प्रकारचे काही लेप इथेनॉलने मऊ पडतात. म्हणून लेप निवडताना तो इथेनॉलास टिकतो की नाही हे आधी पाहावे. मोठे भोक मात्र लेपाने बुजत नाही. तेथे पत्र्याचे ठिगळच हवे.

लेप पूर्ण वाळल्यावर सर्व तोंडे बंद करून आत हलकी हवा भरावी व बाहेरून साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा उठेल तेथे गळती शिल्लक आहे. हवेचा दाब अगदी बेताचा ठेवावा. ही टाकी दाब सोसण्यासाठी घडविलेली नसते.